फूड कमिटीतले वडील

अगं, नियम घरात शिरला की काय होतं, ते परवा आमच्या शेजारच्या जोनआजींकडून ऐकलं. मँचेस्टरमध्येच वाढल्यात त्या, आता नव्वदीच्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात रेशनचे नियम मोडणाऱ्यांवर केस करायचे अधिकार सरकारने गावोगावच्या फूड कमिट्यांना दिले होते. जोनचे वडील तिथल्या कमिटीवर. आणि इकडे जोनच्या वाढदिवसाच्या केकसाठी आईने घरच्या कोंबड्यांची अंडी देऊन शेजारणीच्या रेशनची साखर घेतली. रेशनच्या मालाची अशी अदलाबदलही तेव्हा गुन्हाच होती. कुणीतरी चुगली केली.

मीटिंगच्या संध्याकाळी आई सारखी खिडकीशी जायची, परत यायची. जोनला वाटत होतं, माझ्या केकपायी आई तुरुंगात जाणार. शेवटी वडील आले. कोटही न काढता म्हणाले, "केस करायचं ठरलं."

"आणि तू?"

"हात पहिला मीच वर केला. नाहीतर लोक काय म्हणाले असते?"

आईने एप्रन सोडून त्यांच्या हातात दिला. "मग आजपासून स्वयंपाकाचे अधिकारही कमिटीलाच."

मी विचारलं, "मग पुढे?"

जोनआजी म्हणाल्या, "कोर्टाने आईला समज देऊन सोडलं. आईने मात्र वडिलांना सोडलं नाही. युद्ध संपेपर्यंत बटाटे तेच उकडत होते."