देशासाठी चार मिनिटं

एक्स-रेच्या रांगेत माझ्यापुढे गुडघ्याला पट्टा बांधलेला एक फुटबॉलपटू आणि त्याचे बाबा बसले होते. नर्स त्याचा फॉर्म भरत होती.

"काय काम करता?"

"मिडफिल्डर आहे तो! बारा वर्षं एकाच क्लबात, शिवाय देशाकडूनही खेळलाय."

"बाबा, एकच मॅच. तीही शेवटची चार मिनिटं."

"पण काय पास दिलास रे! थेट गोल!"

"तुम्ही कुठे पाहिलात? तुम्ही तर चहा आणायला गेला होतात."

"शहाऐंशी मिनिटं तुला बाकावर बसवून ठेवलं, माझा घसा कोरडा पडणार नाही? आणि आरडाओरडा ऐकून धावलोच की! सगळा चहा सदऱ्यावर सांडला."

"ताई, तो सदरा यांनी आईला अजून धुवू दिलेला नाही."