ओटमार मागे बसतो

(नवरा-बायको, एकच मोटारसायकल, दोन हेल्मेटं. हेल्मेटांत एकमेकांशी बोलायची सोय आहे. गप्प बसायची नाही.)

बुर्गी – तू परत ब्रेक दाबलास.

ओटमार – मागच्या सीटला ब्रेक नसतो, बुर्गी.

बुर्गी – तेच म्हणतेय. नसलेला ब्रेक असा दाबलास की माझी पाठ हलली.

ओटमार – पायाची बदली झालीय हे पायाला अजून कुणी कळवलेलं नाही.

बुर्गी – मग आता कळव. क्रान्यस्का गोरा गाव मागे पडलं, आता घाटाची दगडी वळणं सुरू होतील. मी कलले की कलायचं. आपल्या मनानं नाही. पोत्यासारखं बसायचं.

ओटमार – मी चाळीस वर्षं ऑस्ट्रियातून स्लोव्हेनिया, स्लोव्हेनियातून इटली असा हिंडलो ते पोतं व्हायला?

बुर्गी – हिंडलो. आपण. मी कुठे होते वाटलं तुला, डिकीत?

ओटमार – तू मागे होतीस. मागे बसण्याला हिंडणं म्हणत नाहीत, नेणं म्हणतात.

बुर्गी – बरं. आज मी तुला नेतेय. सकाळी सीमेवरसुद्धा नेलं. तू पासपोर्ट उघडून धरला होतास आणि बघायला कुणी नव्हतं.

ओटमार – एक गाय होती.

बुर्गी – हो, तिनं सोडलं आपल्याला.

ओटमार – अट लक्षात आहे ना? माथ्यापर्यंत एकाही वळणावर पाय टेकला, तर रविवारी गाडी विकायची, ती मागणाऱ्या त्या दंतवैद्याच्या घरी.

बुर्गी – आणि नाही टेकला तर गाडी आपल्याकडे, आणि तू मागे. कुरकुर न करता.

ओटमार – कुरकुरीचं काही ठरलं नव्हतं.

बुर्गी – या वयात मी लायसन्स कुणासाठी काढलं रे? ड्रायव्हिंगच्या वर्गातली पोरं मला दार उघडून धरायची. डॉक्टर तुला फक्त हँडल सोड म्हणाले. तू सगळंच सोडायला निघालास.

ओटमार – अगं, जिकडे बघावं तिकडे मधोमध राखाडी ढग. फक्त कडेकडेचं दिसतं. परवा चर्चमध्ये मी फादरना खुंटी समजून कोट दिला.

बुर्गी – त्यांनी घेतला ना?

ओटमार – घेतला. प्रार्थना संपेपर्यंत धरून उभे होते. सज्जन माणूस. पण अशा माणसानं मोटारसायकल ठेवून करायचं काय? झाकून ठेवायची आणि रविवारी पुसायची? त्यापेक्षा दंतवैद्य बरा. निदान पळवील तरी.

बुर्गी – समोरून तिघं मोटारसायकलवाले येतायत. हात कर.

ओटमार – कुठे?

बुर्गी – डावीकडे, खाली, दोन बोटं. माझे दोन्ही हात कामात आहेत.

ओटमार – केला. केला. केला. केला.

बुर्गी – चौथी दुधाची गाडी होती.

ओटमार – त्यानं काय केलं?

बुर्गी – हॉर्न दिला.

ओटमार – मग झालं. बिचाऱ्याला रोज कोण विचारतं?

बुर्गी – आता बोलू नकोस. वळण आहे, दगड ओले आहेत, आणि वरून बस उतरतेय. पहिला गिअर. नजर वळणाच्या शेवटाकडे…

ओटमार – क्लच! अर्धा क्लच!

बुर्गी – गप्प! …आणि… आणि… हे खरर्र काय वाजलं?

ओटमार – पाय टेकला.

बुर्गी – माझे दोन्ही पाय वर आहेत.

ओटमार – माझा टेकला. बस ऐकू आली, गाडी हळू झाली, आणि गेला खाली. आपोआप.

बुर्गी – मी तोल धरला होता, ओटमार.

ओटमार – माहीत आहे. उत्तम धरला होतास. पाय खाली गेल्यावर कळलं की त्याला तिथे काही कामच नाही.

बुर्गी – मग आता? अटीत कुणाचा पाय होता? बोल. मला घाटात थांबता येत नाही.

ओटमार – बुटाची टाच गेली बहुतेक.

बुर्गी – टाच राहू दे. दोन्ही पाय वर घे. आणि समोर बघायचं सोड.

ओटमार – समोर मला तसंही काही दिसत नाही.

बुर्गी – मागे बसलेल्या कुणालाच दिसत नाही! माझ्यासमोर इतकी वर्षं काय होतं? तुझी पाठ. चामड्याची, एवढी रुंद. मी कडेचं बघायचे. तू पण कडेचं बघ.

ओटमार – कडेला काय आहे?

बुर्गी – आहे ते बघ.

ओटमार – …झाडं आहेत.

बुर्गी – हं.

ओटमार – पळत नाहीयेत. ओघळतायत. पाण्यातून गेल्यासारखी. मी चालवायचो तेव्हा अंगावर यायची गं ही.

बुर्गी – तेव्हा तू त्यांच्या अंगावर जायचास.

ओटमार – आता डोंगराची पांढरी खडी आली. ढगाची सावली तिच्यावरून चाललीय, आपल्याच वेगानं. सोबत करतेय की काय? …बुर्गी! त्या कड्याला भोक आहे. आरपार! आत आभाळ आहे!

बुर्गी – खिडकी म्हणतात तिला.

ओटमार – कधी पडली?

बुर्गी – आपलं लग्न झालं तेव्हाही होती.

ओटमार – आणि मला एकदाही बोलली नाहीस?

बुर्गी – दर वेळी बोलले. तू म्हणायचास, आत्ता नको, वळण आहे.

ओटमार – अजून दिसतेय ती.

बुर्गी – माथा आला. थांबायचं? गरम सूप मिळेल.

ओटमार – नको. उतरू या. खाली ती हिरवी नदी लागते ना, सोचा? मी फक्त तिचे पूल बघितलेत.

बुर्गी – लागते. मग दुसरा घाट, मग इटली, मग घर. आणि घरी दंतवैद्य.

ओटमार – त्याला फोन करून सांग, पाय नवऱ्याचा टेकला. तसल्या नवऱ्याला पुढे बसवणं धोक्याचं आहे म्हणावं, म्हणून गाडी बायकोकडेच राहील.

बुर्गी – आणि तू?

ओटमार – मी पोतं.

बुर्गी – घट्ट धर मग. उतार आहे.

ओटमार – धरलंय. …बुर्गी?

बुर्गी – हं?

ओटमार – जरा हळू घे. नदी माझ्या बाजूला आली.