आमोसरावांचे नाव आणि दवाखान्याची शिडी

सन्माननीय अध्यक्ष शिवलिंगप्पा वकीलसाहेब, मुंबईहून मुद्दाम आलेले मिशनचे सेक्रेटरी रेव्हरंड प्रेंटिससाहेब, आपल्या मंडळीचे पाळक ओहोळसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते व्हीलकसाहेब आणि व्हीलक मडम, आणि शाळेच्या या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी अलीशिबा हिवाळे. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. समारंभाच्या कमिटीने मला ‘साहेब व मडम यांची दिनचर्या’ असा विषय दिला आहे. त्या दिनचर्येतला एकच सोमवार मी आधी सांगते, कारण आजचा समारंभ त्या सोमवारामुळे आहे. घडले ते असे.

१. गेल्या ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी व्हीलकसाहेब दवाखान्याच्या धाब्यावर उगवलेले गवत उपटण्यासाठी शिडीने वर चढले.

२. येडू रंगारी ती शिडी घेऊन मुलींच्या शाळेला चुना द्यायला गेला. वर कोणी आहे हे त्याने पाहिले नाही.

३. त्याच वेळी प्रेंटिससाहेब कंपाउंडात टांग्यातून उतरले. येणार असल्याचे त्यांनी कळवले नव्हते.

४. त्यांनी मडमना त्यांच्या नवऱ्याचे नाव विचारले. मडमनी ते सांगितले नाही.

५. साहेब व मडम यांना प्रकृतीच्या कारणास्तव मायदेशी पाठवण्याचे ठरले. वीस तारखेच्या बोटीत त्यांची जागा धरली आहे.

प्रेंटिससाहेबांना मराठी येत नाही, म्हणून पाळकसाहेब त्यांच्या कानाशी इंग्रजी करून सांगत आहेत. पाळकसाहेब, चौथे कलम आपण गाळलेत. सेक्रेटरीसाहेब अजून हसत आहेत, त्यावरून कळले. कृपा करून सांगा. आम्ही थांबतो.

आभारी आहे. आता ते हसत नाहीत. पुढे जाऊ या.

दिनचर्या म्हणजे काय सांगायचे? व्हीलकसाहेब आणि मडम हे उपदेशक नव्हेत. साहेबांचा ओहायोत नांगर दुरुस्त करण्याचा कारखाना होता. मुले मोठी झाली, कारखाना थोरल्या मुलाने घेतला, आणि ज्या वयात आपल्याकडची माणसे ओट्यावर बसून सुनांच्या चुका काढतात त्या वयात ही दोघे बोटीत बसून सोलापुरास आली. मिशनने त्यांना काम दिले ते बंगल्यावर देखरेख ठेवण्याचे. साहेब पहाटे उठून तेलाची झारी घेतात आणि कंपाउंडात जे जे करकरते त्याला तेल घालतात. विहिरीचा रहाट झाला, फाटक झाले, पाळकसाहेबांची सायकल झाली. एकदा त्यांनी प्रार्थनामंदिरातल्या पेटीच्या भात्यालाही तेल घातले. त्या रविवारी गीते पेटीवाचून म्हटली, आणि मला सांगावेसे वाटते की ती अधिक बरी झाली. गाणाऱ्यांनी राग मानू नये.

न्याहारीला दोघांचे रोज एकदा भांडण होते. साहेबांना लापशी घट्ट हवी, मडमना पातळ. गेल्या वर्षापासून दोघे ज्वारीची भाकरी खातात. तेव्हा आता भांडण ती दुधात कुस्करावी की नाही यावर होते. मडम दिवसभर सात कामे काढतात आणि प्रत्येक कामाला साहेबांची गरज लागते. पूर्वी त्या व्हरांड्यात उभ्या राहून ‘ॲमॉस!’ अशी हाक मारीत. साहेबांना उजव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून हाक मोठी. ती गिरणीच्या भोंग्याइतकी जात नसे, पण फार कमीही पडत नसे.

आता माझ्या कामाचा भाग. सोमवारी आमच्याकडे बायकांचा शिवणाचा वर्ग असतो, आणि त्यातल्या आया आपली लहान मुले देवी टोचायला आणतील अशी आमची योजना होती. योजना चांगली होती. बायका मात्र वर्गाला दोनदा आल्या आणि यायच्या थांबल्या. मी रंभाबाईंच्या घरी गेले. रंभाबाई गिरणीच्या चाळीत राहतात आणि त्यांच्या शब्दावर सगळी चाळ चालते. मी विचारले, ‘शिवण जमत नाही का?’ त्या म्हणाल्या, ‘शिवण लई झ्याक हाय, बाई. पर ती मडम नवऱ्याचं नाव दिसभर चव्हाट्यावर घेती. ऐकूनबी पाप लागंल की!’

मी हे मडमना जसेच्या तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः चाळीत गेल्या. तिथले बोलणे मी ऐकले आहे.

‘नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, मडम,’ रंभाबाई म्हणाल्या.

‘माझा नवरा अडुसष्ट वर्षांचा आहे,’ मडम म्हणाल्या. ‘चाळीस वर्षे मी त्याला रोज नावाने बोलावते.’

‘म्हणूनच त्यो असा वाळलाय की!’

बायका हसल्या, मडमही हसल्या. मग रंभाबाईंनी हसणे थांबवले. ‘हे बगा, तुमी नाव सोडा, आमी लेकरं आणतो. ज्या दिशी तुमच्या तोंडून नुसतं नाव ऐकू यील, त्या दिशी लेकरं उचलून माघारी.’

शेजारी चन्नम्मा बसल्या होत्या. त्यांचे माहेर दुधनीचे. त्यांनी तोड काढली. ‘उखाण्यात घ्या की नाव, मडम. उखाण्यात घेतलं तर दोष न्हाय.’

मडमनी शब्द दिला आणि बायकांनी मुले आणली. करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला, अध्यक्षमहाराज, तोही साक्षीदार आणि स्टँपाशिवाय. आपल्या धंद्याच्या दृष्टीने ही गोष्ट उत्तेजन देण्यासारखी नाही, याची मला कल्पना आहे.

तेव्हापासून मडम साहेबांना ‘अहो!’ अशी हाक मारतात. हाक गेली की माळी वळून बघतो, शाळेचे मास्तर वळून बघतात, पाळकसाहेबही वळून बघतात. वळत नाहीत ते फक्त व्हीलकसाहेब.

आता तो सोमवार. दवाखान्याच्या व्हरांड्यात बायका मुले घेऊन रांगेने बसल्या होत्या. मी टोचायची सुई स्पिरिटने पुसून हातात घेतली होती. रंभाबाईंचा नातू पहिला होता. प्रेंटिससाहेब आले, टोपी काढली, आणि ‘मिस्टर व्हीलक कुठे आहेत?’ असे त्यांनी इंग्रजीत विचारले. मडमनी बोट वर केले. धाब्याच्या कडेला व्हीलकसाहेब उभे होते. उन्हासाठी डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला, दोन्ही हातांत उपटलेले गवत, आणि ते हात येडूच्या दिशेने हलवणे चाललेले.

सेक्रेटरीसाहेब जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘त्यांना खाली बोलवा.’ मडमनी हाक मारली, ‘अहो!’ माळी धावत आला. मास्तर आले. पाळकसाहेब, आपणही आला होतात, हे सांगायला हरकत नसावी.

‘नाही, नाही,’ सेक्रेटरीसाहेब म्हणाले. ‘नावाने बोलवा.’

‘ते मला जमणार नाही,’ मडम म्हणाल्या.

तेव्हा सेक्रेटरीसाहेबांचा आवाज फार मऊ झाला. आम्ही तापाच्या रोग्याशी ज्या आवाजात बोलतो तो आवाज. ‘मिसेस व्हीलक, आपल्या पतीचे नाव काय, ते आठवते का?’

त्यांना इंग्रजी कळत नाही म्हणून बायकांना काही कळत नाही असे कोणी समजू नये. पाहुणा काय विचारतो आहे ते रंभाबाईंनी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखले. त्यांनी नातवाला मांडीवरून उचलून खांद्यावर घेतले. मागच्या बायकांनी पदर सावरले. एक शब्द तोंडातून गेला असता तर व्हरांडा रिकामा झाला असता. माझ्या हातातली सुई तशीच राहिली असती, आणि त्या आठवड्यात त्यांच्याच चाळीत देवीचे दोन रोगी निघाले होते.

मडमनी एकदा बायकांकडे पाहिले, एकदा पाहुण्याकडे. मग डोक्यावरून रुमाल पदरासारखा ओढला, जमिनीकडे बघितले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

‘ज्वारीच्या कणसावर बसला रावा,
आमोसराव अडकले धाब्यावर, शिडी घेऊन धावा!’

बायकांनी असा गलका केला की येडूने शाळेवरून चुन्याची बादली टाकली आणि शिडी घेऊन धावत आला. साहेब खाली उतरले. रंभाबाईंचा नातू पुन्हा मांडीवर आला आणि मी त्याला टोचले. त्या दिवशी एकही मूल परत गेले नाही.

सेक्रेटरीसाहेबांनी काय पाहिले? एक वृद्ध गृहस्थ छपरावर गवत हलवीत आहेत. त्यांच्या पत्नीला त्यांचे नाव आठवत नाही. विचारले तर ती मान खाली घालून ओरडते, आणि भोवतीचा जमाव गलका करतो. तुम्ही असता तर काय समजला असता? मीही तेच समजले असते. जेवताना त्यांनी साहेबांना विचारले, ‘आपण नेहमी वर जाता का?’ साहेब म्हणाले, ‘रोज सकाळी. तिथे शांत असते.’ त्यानंतर प्रेंटिससाहेबांनी मडमची पपई स्वतः कापून दिली. मडम मला संध्याकाळी म्हणाल्या, ‘किती सभ्य माणूस! आणि इथल्या रीती किती जाणतो! मी नुसते नाव घेतले नाही, तर उखाण्यानंतर एका शब्दाने आग्रह केला नाही.’

सगळे सभ्य होते, हीच अडचण झाली. मुंबईहून ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असा हुकूम आला. साहेबांना वाटले, हे मडमच्या गुडघ्यामुळे. मडमना वाटले, साहेबांच्या कानामुळे. एकमेकांचे मन दुखवू नये म्हणून दोघांनीही विचारले नाही. मडम सकाळी ट्रंकेत साहेबांची हत्यारे भरतात आणि दुपारी साहेब काहीतरी दुरुस्त करायला ती बाहेर काढतात. ट्रंक अजून भरलेली नाही. ज्यांना जायचे असते त्यांची ट्रंक भरते, एवढेच मी म्हणेन.

मलाही काल दुपारपर्यंत काही ठाऊक नव्हते. काल प्रेंटिससाहेब दवाखान्यात आले, दार लोटून घेतले आणि बोटीवर काय काळजी घ्यावी ते मला विचारू लागले. म्हणाले, ‘सकाळी उठल्यावर मिसेस व्हीलक त्यांना रोज ओळखतात का?’

मी उत्तर दिले, ‘ओळखतात. भाकरीवरून भांडतात.’ अधिक बोलले नाही. एका माणसाला बंद दाराआड सांगितलेली गोष्ट मुंबईला जाईपर्यंत बदलते. एवढ्या माणसांसमोर, वकीलसाहेबांच्या अध्यक्षतेखाली सांगितलेली बदलणार नाही, असा मी हिशेब केला.

मडम, हे आपण आत्ताच ऐकत आहात. आधी सांगितले असते तर आपण मला बोलू दिले नसते. साहेब, डावा कान इकडे केलात, बरे केलेत.

रंभाबाई मागून म्हणत आहेत, ‘मीच आडवलं हुतं, मडमला कशाला धाडताय, मला घाला की बोटीत!’ पाळकसाहेब, याचे भाषांतर नको. नाही, थांबा. करा.

प्रेंटिससाहेब, माझे शिक्षण औषधांचे आहे, मनाच्या रोगांचे नाही. तरीही सांगते. ज्या बाईची बुद्धी ढळली आहे तिला भर उन्हात, पाहुणा समोर असताना, ‘रावा’ला ‘धावा’ जुळवता येत नाही. जुळवले तरी त्यात शिडी बसवता येत नाही. आपण जे पाहिले ते नीटच पाहिले, अर्थ मात्र आपल्याला कोणी सांगितला नाही. तो सांगणे आम्हा कंपाउंडातल्या माणसांचे काम होते. त्या दिवशी आम्ही सगळे हसण्यात गुंतलो होतो.

येत्या काळात एखादी तरुण मडम येईल, ती चांगलीच असेल. पण रंभाबाईंचा करार तिच्याशी झालेला नाही. चाळीतल्या सगळ्या मुलांना अजून टोचून झालेले नाही. दर सोमवारी थोडी थोडी येतात, आणि येतात ती मडम व्हरांड्यात बसलेल्या दिसतात म्हणून. मी सुई चांगली धरते, परंतु मला पाहून कोणी मूल पुढे करीत नाही. माझा चेहरा तसा नाही, असे चन्नम्मांनी मला सांगितले आहे.

समारंभाच्या कमिटीने मला बोलण्याची संधी दिली, याबद्दल तिचे आभार. ती पुन्हा देईल असे वाटत नाही. अध्यक्षमहाराजांनी घंटेवर हात ठेवूनही ती वाजवली नाही, याबद्दल त्यांचे विशेष आभार. हारांसाठी ज्यांनी खर्च केला त्यांची मी क्षमा मागते. हार ओले करून ठेवले तर उद्या दुसऱ्या कारणासाठी घालता येतील. माझ्या बोलण्यात कोणाच्या मानाला धक्का लागला असेल तर तो माझ्या हातून लागला असे समजावे, साहेब व मडम यांच्याकडून नव्हे. त्यांना यातले काही माहीत नव्हते.

राहिली एक विनंती. सोमवारी बायका मुले घेऊन येणार आहेत आणि त्यांना रविवारी चाळीत निरोप द्यावा लागतो. तेव्हा व्हीलकसाहेब व मडम यांचे वीस तारखेचे जाणे रद्द होते की नाही, याचे उत्तर सेक्रेटरीसाहेबांनी शनिवारी, चौदा तारखेला दुपारपर्यंत दवाखान्यात कळवावे.