'आतून' हा शब्द खोडल्याबाबत

मी, सगळे ज्याला मास्तर म्हणतात तो, वय ७४, धंदा निवृत्त भाषाशिक्षक, राहणार शाळेमागची गल्ली, दुसरा मजला, पोलीस चौकीत समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व पत्नी असे दोघेच राहतो. उजव्या पायाची धमनी अरुंद झाल्याने गेल्या सोमवारी सकाळी दहा वाजता रुग्णालयात मला स्टेंट बसवला. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "मास्तर, एक्सरेत नुसती सावली दिसते. आम्ही बारीक नळी धमनीतच घालतो. ती आतून आवाज सोडते, त्याच्या प्रतिध्वनीचं चित्र डावीकडच्या पडद्यावर उमटतं. ते मोजून स्टेंट केवढा ते ठरवतो." दरीत हाक मारली की दरी ओ देते, अशी एक कविता मी चौथीला छत्तीस वर्षे शिकवली. आता माझ्याच पायातली दरी ओ देणार, म्हणून मी टेबलावर चष्मा मागून घेतला. भूल फक्त जांघेपुरती होती.

डावीकडचा पडदा शेवटपर्यंत काळा होता. मी विचारले. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, ते मशीनच आठवडाभर आजारी आहे. तुम्ही छताकडे बघा." मी पंचावन्न मिनिटे छत पाहिले.

गुरुवारी घरी सोडताना सहीसाठी आलेल्या कागदावर "धमनी आतून पाहून स्टेंट बसवला" असे होते. मी लाल पेनाने "आतून" खोडून वर "बाहेरून" लिहिले व समासात सही केली. काउंटरवरचे गृहस्थ ओरडले, "अहो, हे रेकॉर्ड आहे, शाळेची वही नाही!" मी म्हणालो, "वही असती तर पालकांना बोलावलं असतं."

त्यावरून कागदात फेरफार केल्याची रुग्णालयाची तक्रार आली आहे. लेखी माफी दिल्यास ती मागे घेतील, असे आपण सांगता. माफी देणार नाही. माझा स्टेंट मापाचा आहे की नाही, मला माहीत नाही, त्यांनाही नाही. येत्या मंगळवारी त्याच टेबलावर माझ्या पत्नीला घेणार आहेत. तिची धमनी माझ्याहून बारीक आहे. ती हल्ली जिना उतरत नाही. काल म्हणाली, "माझा पाय दुखतो, तुम्हाला शब्द दुखतो." पडदा उजळल्याशिवाय तिला आत नेऊ देणार नाही.

हवालदारसाहेबांनी जबाब वाचून दाखवला. शेवटी त्यांनी "चूक केल्याचे कबूल" असे लिहिले होते. त्यात "चूक" या शब्दापुढे "दुरुस्त" हा शब्द मी स्वहस्ते, लाल शाईने घातला आहे. आता जबाब माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.