ट्रकमधली ऊब

सोलापूरच्या स्टँडवर, अक्कलकोटच्या गाडीच्या रांगेत काशम्माच्या पुढं टुरिंग टॉकीजचा ड्रायव्हर मानसिंग अन् त्याची बायको दगडाबाई उभी होती. ट्रक हेच त्या दोघांचं घर. पौषातली सकाळ अंगाला झोंबत होती.

“गोदडी तू ने.”

“ऱ्हाऊ द्या. ट्रकचा पत्रा लई गार पडतो.”

“शेगडी पेटवीन की.”

“ताडपत्री बांधून आत शेगडी? परत?”

“पोर थंडीनं काकडत व्हती. कोळशाच्या धुरानं जीव जातो, हे मला कुटं ठावं व्हतं?”

“म्या कदी बोल लावला का तुमाला?”

“लावला असतास तर बरं झालं असतं.”

गाडी लागली. दगडाबाई काशम्माशेजारी येऊन बसली. मानसिंग खिडकीशी आला.

“कवा येशील?”

“थंडी सरल्यावर.”

“तवर टॉकीज विजापूरकडं गेली असंल.”

“ठावं हाय मला.”