ह्याइच्या मनगटावरची हवा

नाई जी, घड्याळ खराबच आहे — बसा न, उभे काऊन? प्रेरणाचे बाबा दुकानातून येतीलच इतक्यात, तवर चहा घ्या. एका घड्याळासाठी कंपनीनं तुमाले नागपूरहून आंजीले धाडलं, म्हणजे ह्याइनं फोनवर लय तापवलं असंन! तापवतीनच. कृषी केंद्र आहे न आमचं — फवारणीनं अळी नाई मेली त कास्तकार जसा ह्याइच्या अंगावर येते, तसेच हे तुमच्या अंगावर.

झालं काय — पोरीनं आमाले मालवणले नेलं, समुद्रात बुडी माराचं शिकवलं. ह्या वयात? हो, ह्याच वयात! गावातल्या बाया हासल्या, हासू द्या. ह्याइले पाण्यापेक्षा सामानाचा शौक. हे घड्याळ घेतलं — टाकीच्या तोंडाशी अंगठ्याएवढं यंत्र लावाचं, अन् टाकीत हवा किती उरली ते बिनतारी मनगटावर दिसते. मले मात्र साधा काट्याचा मीटर. काटा त ह्याइच्या टाकीलेही होता, पण पाह्यते कोण? म्हणे, काटा म्हाताऱ्यायसाठी राह्यते, प्रमिला. बरं बाप्पा!

खाली गेलो, हे समोर, मी मागं — मासोळ्या अशा पाहून राह्यल्या होत्या जसं आमीच बिनबोलावता पाहुणे. हे दर घडीले मनगट पाहे, अन् मले बोटानं इशारा करे, भरपूर आहे. अन् एकदम मागं वळले त ह्याइचे डोळे हे एवढे! घड्याळात अर्धी टाकी, अन् तोंडात हवा येईना! मी कशीबशी पोचली, ह्याइच्या बगलेतला काटा ओढून पाह्यला — शून्याले टेकलेला. हे वर पळाच्या बेतात — अन् घाबरून, श्वास रोखून वर गेलं त फुफ्फुस फाटते, शिकवलं होतं आमाले. मी पट्टा धरला, माह्याजवळची जास्तीची नळी ह्याइच्या तोंडात कोंबली, अन् हात धरून हळूहळू वर आणलं. लग्नापासून चारचौघात बोट नाई धरलं ह्या माणसानं, अन् बोटीवर आलो तरी हात सोडेना! माह्या टाकीत होती म्हणून बरं — अर्धी होती न, घड्याळात दिसे बरोबर तेवढीच...

हासता काऊन? नाई, मले काय समजते त्यातलं — बरं, निघालंच तोंडातून त आयका. पाण्यात उतराच्या आधी बोटीवर दोघायचे नळ्यायचे संच बाजूबाजूले पडले होते. माह्यावाल्याचं तोंडात धराचं रबर हिरडीले टोचे, ह्याइचं कसं लोण्यासारखं नरम. हे बोटीच्या कठड्यावर ओकाऱ्या काढत बसले होते — मी देल्ला बदलून संच! त्या संचालेच लागलेला घड्याळाचा तो अंगठ्याएवढा ठोंब्या संगं माह्या टाकीवर आला, हे मले काय मालूम? वर आल्यावर दिसलं. म्हणजे माही हवा ह्याइच्या मनगटावर! घड्याळ बिचारं खरंच बोलून राह्यलं होतं, फक्त बायकोचं बोलत होतं.

सांगितलं काऊन नाई? कशाले सांगाचं? आता हे मले इचारल्याबिगर इथल्या इथं केळझरलेही जात नाई. म्हणे, अंदमानले जाऊ, तू समोर राह्यजो, मी मागून येतो. तुमी सांगसान त मी पुन्हा मागं, अन् मंग ह्याइच्या बोटाच्या खुणा पाहत बसा! थट्टा नाई करत — त्या दिवशी मागं होती म्हणूनच पोचाले उशीर झाला मले.

ह्याइची फटफटी वाजली. उठा. कप ऱ्हाऊ द्या तिथंच, मागच्या दारानं निघा — अन् रस्त्यात भेटलेच त निस्ता रामराम करजा, थांबू नका.