त्या दिवशीची सगळी कागदपत्रं

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं! घड्याळ समोरच होतं म्हणून सांगते, नाहीतर मला कुठली वेळ लक्षात राहायला... दोन दहाला मशीनचा दोरा तुटला, मी मान खाली घालून सुईत ओवला, मान वर केली तर दार सताड उघडं आणि आमचा बोका गायब! बोका म्हणजे मांजर नव्हे हो, माझा मुलगा, चार वर्षांचा. दोरा ओवायला वेळ तो किती लागतो, तुम्हीच सांगा! तेवढ्यात कार्टं जिना उतरून, बेकरी ओलांडून, सरळ पोलीस ठाण्याच्या बाकावर जाऊन बसलं. लोकांची पोरं बाजारात हरवतात, माझं पोलिसांत जाऊन हरवलं! आणि मी वेड्यासारखी उलट्या दिशेला पळतेय, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात ह्यांची.

पोलिसांनी विचारलं, "बाळा, घरचा नंबर येतो का?" तर आला की त्याला! घडाघडा म्हणून दाखवला! पण कुणाचा? माझा? छे! वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या जाऊबाईंचा! त्यांनी म्हणे गाणं करून शिकवला होता. मला का नाही सुचलं गाणं? मला काय आवाज नाही?

झालं, जाऊबाई गेल्या स्कूटरवरून भुर्रकन आणि आल्या त्याला पुढ्यात उभं करून. मी हुंदके देत कोपऱ्यावरून येतेय तर ह्या जिन्यात उभ्या, केसाची बट हललेली नाही, बोका कडेवर, त्याच्या हातात बिस्कीट. "अगं, रडतेस काय? मी आहे ना!"

मी आहे ना! अहो, तेच तर दुखणं आहे ना!

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी निकाल दिला. "पोलिसांनीसुद्धा लिहून ठेवलं असेल, आईचा हलगर्जीपणा म्हणून. उद्यापासून पोर दिवसभर वर थोरलीकडे. तू आणि तुझं मशीन बसा." मी म्हटलं, तसं लिहिलेलं नसलं तर? "मग आण कागद. कागदावर तुझी चूक नसेल तर पोर खाली. माझा शब्द!"

तेव्हापासून मी खाली उशांचे अभ्रे शिवतेय आणि डोक्यावर छतातून धबधब धबधब पावलं ऐकतेय. हसण्याचाही आवाज येतो वरून. माझ्याकडे असताना एवढा हसत होता का हो तो? मशीन थांबवून ऐकायचं म्हटलं तर अभ्रे राहतात, अभ्रे शिवायचे म्हटलं तर ऐकू येत नाही...

तर कागद आणायचा. आणि कागद कसा मिळतो ते मला ठाऊक होतं, कारण मागे जाऊबाईंची स्कूटर चोरीला जाऊन परत सापडली होती, तेव्हा विम्यासाठी त्यांनी पोलिसांकडे अर्ज केला होता आणि... आठवड्यात कागद! फुकट! वर चहा! महिनाभर तो कागद पारदर्शक पिशवीत घालून जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होत्या. "मी तर नुसतं विचारलं गं, साहेब म्हणाले, बसा ना!"

मला कुणी बसा म्हटलं नाही. माहितीच्या टेबलावर एक किडकिडीत कारकून, मान वर न करता म्हणतो, "काय हवंय?" आता मला काय हवं होतं? एक पान! माझ्या बोक्याचं एक पान! पण डोळ्यासमोर ती पारदर्शक पिशवी आली हो... त्यांचं एक पान, तर माझंही एकच? मी त्यांच्याहून काय कमी? माझी फाईल अशी जाड पाहिजे की जिन्यात ठेवली तर लोकांना वळसा घालून जावं लागेल! लिहिलं ठसठशीत अक्षरात, 'त्या दिवशीची ठाण्यातली सगळी कागदपत्रं द्यावीत.'

"बाई, सगळी?"

"सगळी."

"नक्की?"

"का? तुम्हाला काही लपवायचंय का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि त्या शिक्क्यासोबत माझं नशीबही चेपलं, पण ते मला नंतर कळलं.

आठवडा गेला. मी गेले. "झालं का साहेब?" तर म्हणे, "बाई, तुम्ही सगळं मागितलंय, त्यात दुसऱ्यांची नावं आहेत, ती काळी करावी लागतात. काळं करायचं चाललंय." परत गेले. "काळं करायचं चाललंय." त्याच्या पुढ्यात ही चळत, हातात काळं स्केचपेन, पट्टी लावून एकेक नाव मिटवतोय, जीभ बाहेर काढून, बालवाडीतल्या पोरासारखा. परत गेले तर नुसताच बसलेला. "स्केचपेन संपलं बाई. मागणी वर पाठवलीय." अहो, मी माझ्या बोक्याचं स्केचपेन नेऊन देणार होते, पण ते वर होतं, जाऊबाईंकडे! आणि जाऊबाईंना? आठवड्यात! फुकट! वर चहा!

कागद द्यायची कायद्याची मुदत संपली, वर आणखी दिवस गेले, आणि मग आलं पत्र. मला वाटलं कागद आले. कागद कुठले, फीचा आकडा! वरून खाली वाचला, खालून वर वाचला, आकडा काही कमी होईना. तेवढ्या पैशांत दुसरं मशीन आलं असतं, मोटरवालं! तशीच तडक गेले.

"साहेब, एका पोराचे एवढे?"

"पोराचे नाहीत बाई, दिवसाचे. सायकलचोरी, नळावरची मारामारी, कुत्रं चावलेलं, दोन भाडेकरूंचा वाद... सगळं तुम्हीच मागितलंय. पानागणिक फी."

तेव्हा म्हणता आलं असतं, जाऊ द्या, माझं तेवढं एक पान काढा. तोंडाशी आलं होतं! पण सकाळीच जाऊबाई जिन्यात गाठून म्हणाल्या होत्या, "मी येऊ का गं बरोबर? माझी ओळख आहे तिथे." ओळख! मग माझं तोंड उघडेल होय? मी म्हटलं, अपील करीन! फीवर पण करीन, उशिरावर पण करीन! आमचे हे म्हणाले, "अगं, अपील म्हणजे काय ते तरी माहीत आहे का तुला?" मी म्हटलं, "करून झाल्यावर कळेल."

अपील ऐकायला मोठ्या अधिकारी बाई. खोलीत पंखा, लांबच लांब टेबल, आणि टेबलाच्या त्या टोकाला आमचा स्केचपेनवाला, बोटं काळी. मी सगळं एका दमात सांगितलं, दोरा, चप्पल, गाणं, बिस्कीट... बाई म्हणाल्या, "थांबा, थांबा. उशीर का झाला?"

"मॅडम, पेन संपलं होतं..."

"पेन तुमचं संपलं, उशीर तुमचा आणि फी त्यांनी भरायची? मुदतीनंतर फी मागताच कशी? फी माफ. आजच्या आज सगळी कागदपत्रं द्या."

जिंकले हो! फुकट! मी दाराकडे बघत उभी राहिले जरा वेळ... चहा काही आला नाही.

दोन पोती कागद! रिक्षावाला म्हणाला, "रद्दीचे वेगळे पैसे पडतील." ह्यांनी दारातच हात जोडले. मी जमिनीवर फतकल मारून बसले आणि लागले उपसायला. पान काळं, पुढचं पान काळं, कुणाला कुत्रं चावलं ते काळं, कुत्र्याच्या मालकाचं नाव काळं, कुत्र्याचं नाव तेवढं स्वच्छ! आणि मग एकदम... माझं पान. वाचते तर काय!

'मुलगा, वय अंदाजे चार. शांत. नंबर पाठ. आई ताबडतोब हजर. आईची वागणूक जबाबदार. हलगर्जीपणा आढळला नाही. मूल आईच्या ताब्यात दिले.'

डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आत्ता वर जाते, बोक्याला काखोटीला मारते आणि घेऊन येते! उठलेसुद्धा. आणि मग खाली नजर गेली. 'आईची सही.' त्यापुढे सही. गोल गरगरीत, खाली दोन रेघा. जाऊबाईंची!

वर गेले, पण बोक्याला आणायला नाही. "अहो, ही सही?" तर त्या म्हणतात, "शिपाई म्हणाला इथे करा, मी केली. वाचायला वेळ कुणाला होता गं? पोर रडत होतं." रडत होतं! कागदावर 'शांत' लिहिलंय!

पळत गेले कारकुनाकडे. "साहेब, दुरुस्त करा. ती आई नव्हे, आई मी!" त्याने आपली काळी बोटं चोळली. "करतो की. दुरुस्तीचा वेगळा अर्ज द्या. मग चौकशी होईल, नवीन नोंद होईल, त्यात खरी आई त्या वेळी कुठे होती तेही लिहावं लागेल..."

मी म्हटलं, राहू द्या.

म्हणजे बघा, अख्ख्या ठाण्याच्या कागदांत निर्दोष ठरलेली एकच आई, आणि तीसुद्धा जाऊबाई! त्यांना हे मिळवायला अर्जही करावा लागला नाही. फुकटच!

पान सासूबाईंना दाखवायची सोय नाही, आणि मी स्वतः सांगितलं तर म्हणतील, "दाखव." पण चार तोंडांनी कानावर गेलं तर दाखव म्हणणार नाहीत. तेव्हा तुमच्या पाया पडते, नळावर, बेकरीत, कुठेही आमच्या सासूबाई भेटल्या तर एवढं सांगा हो, पोलिसांनी शिक्क्यानिशी लिहिलंय, आईचा हलगर्जीपणा नाही. खोटं थोडंच आहे?

फक्त... सहीचं तेवढं सांगू नका.